सीडीत मावलेला आहेर

पलूसच्या बाजारात भाऊसोचा फोटो स्टुडिओ कुठं, असं कुणालाही विचारा. माणूस आधी हसतो आणि मग बोट दाखवतो. हसतो अशासाठी, की भाऊसोनं ज्या घरच्या लग्नाची शूटिंग केली आणि त्या घराशी त्याचं भांडण झालं नाही, असं घर अख्ख्या तालुक्यात हुडकावं लागेल. भांडण दरवेळी एकाच गोष्टीवरनं. भाऊसो आहेर कापायचा.

आता आहेर म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको, तरी सांगतो. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, की एक गडी माईक हातात घेतो आणि पुकारायला लागतो. अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून टॉवेल-टोपी. तमुक गावच्या मामांकडून पूर्ण पोशाख. ज्याचं नाव निघालं त्यानं स्टेजवर जायचं, आहेर हातात धरून कॅमेऱ्याकडं बघायचं आणि लाईट विझेपर्यंत हलायचं नाही. हे चालतं शेवटच्या पंगतीची भांडी घासून होईपर्यंत. भाऊसोचं म्हणणं असं, की हा टॉवेल-टोपीचा बाजार तीन-तीन तास बघायला माणूस काय खुळा हाय? म्हणून तो चार मानाची तोंडं ठेवायचा, वर एक सनईची धून टाकायचा आणि बाकी सगळं उडवायचा. मग महिन्याभरानं एखादा चुलता लालबुंद होऊन दुकानात यायचा. "भाऊसो, माझा आहेर कुठाय?" भाऊसो मान वर न करता सांगायचा, "देवाच्या दरबारी पोचलाय. जावा घरी."

तोंड असं फटकळ, पण चित्राला माणूस जीव लावायचा. पोरवयात मिरजेला एका फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मचे रोळ धुता धुता तो हे काम शिकला. रोळ गेला, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. पुढं डीव्हीडी आली, तिलाही गावानं सीडीच म्हटलं. ह्या सगळ्यात भाऊसोचा एकच हट्ट कायम होता. नवरीच्या नथीतले मोती मोजता आले पाहिजेत. चित्र फुटलं, धुरकटलं, की त्याला जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, पोरांचं तोंड नीट बघितलं न्हाईसा कवा, तेवढं नवऱ्या मुलीचं बघता!

आणि मग ते दिवसही गेले. आता लग्नात ड्रोन उडतो आणि शूटिंग मोबाईलवर येतं. भाऊसोकडं उरले पासपोर्ट फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स आणि लॅमिनेशन. पण सीडी भरून देणारं मशीन बाजारात त्याच्या एकट्याकडंच चालू होतं आणि कपाटातल्या डब्याच्या तळाला कोऱ्या डिस्क राहिल्या होत्या दोन. सांगलीत चौकशी केली, तर दुकानदार पोरगं म्हणालं, "काका, ती आता मिळत नाहीत. तुम्ही अजून वापरता?" भाऊसोनं फोन आपटला.

फाल्गुनात एके दिवशी दुपारी आमणापूरची रंगूबाई दुकानात आली. बरोबर पुतणी पल्लवी होती, सांगलीत विश्रामबागेत राहणारी. रंगूबाई म्हणजे ज्ञानूतात्याची बायको, आणि ज्ञानूतात्या म्हणजे... काय सांगावं! पलटणीत हवालदार होता. परेडला आवाज देऊन देऊन घसा असा तयार झालेला, की माईक बिघडला तरी मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जायचं. पेन्शनीत आल्यावर कृष्णाकाठच्या निम्म्या लग्नांत आहेर पुकारायला तात्याच असायचा. भाऊसो कॅमेऱ्यामागं आणि तात्या माईकपुढं, अशी कितीतरी लग्नं दोघांनी मिळून वाजवली होती. तात्या जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

पल्लवीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "काका, माझ्या लग्नाचं शूटिंग आहे. आहेर तात्यांनीच पुकारला होता. थोरल्या आईला घरी लावता येईल असं करून द्या. तिचा प्लेयर जुना आहे, त्यात हे बसत नाही. आणि मोबाईल तिला जमत नाही."

रंगूबाईनं काउंटर चाचपला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "भाऊसो, ह्यात आमच्या ह्यांचा आवाज हाय. तेवढा मला ऐकाय पायजे. सोमवारी वरीसश्राद्ध हाय, त्येच्या आदी देशील न्हवं?"

"देतो की काकी."

"समदं टाकशील?"

"आवं, तात्याचा आवाज हाय म्हटल्यावर मी काय टाकायचा ऱ्हातोय व्हय?" भाऊसो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

दोघी गेल्या. भाऊसोनं फाईल उघडली आणि कपाळाला हात लावला. सांगलीच्या कुठल्यातरी पोरांनी शूटिंग केलेलं, एक अक्षर कापलेलं नाही. साडेतीन तास आणि अकरा जीबी. डिस्कमध्ये बसणार साडेचार. चौघांच्या डब्यात जत्रेचं मटण कोंबायचं, म्हणजे एक तर मटण कमी करायचं, नाहीतर त्याचा चिखल करायचा. चित्र चांगलं ठेवायचं तर दोन तासांपलीकडं काही मावत नाही, हे भाऊसोला पाठ होतं. चिखल करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

मग त्यानं जन्मभर केलं तेच केलं. अक्षता ठेवल्या. गुलाबी फेटा बांधलेला तात्या माईक हातात घेतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, व्याह्यांची चेष्टा करतो, ते सगळं ठेवलं. पहिले दहा-पंधरा आहेर ठेवले. शेवटी तात्या हात जोडून आभार मानतो, ते ठेवलं. मधली नावं न ऐकताच काढून टाकली. दहा नावं काय आणि तीनशे नावं काय, आवाज तर त्योच की, असं स्वतःला समजावलं. बरं, काम असं देखणं केलं, की तात्याच्या मिशीतला पांढरा केस न् केस उठून दिसला. डिस्क भरून बाहेर आली तेव्हा भाऊसोला लय दिवसांनी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो स्वतः आमणापूरला पोचवायला गेला.

रंगूबाईच्या घरात टीव्हीखाली तात्यानं आणलेला प्लेयर होता. चालू करायच्या बटणावर तिनं एक टिकली चिकटवून ठेवली होती, बोटाला लागावी म्हणून. तात्या गेल्यावर ते टिकल्यांचं पाकीट तसंच घरात पडून होतं, त्यातलीच ही. डिस्क आत गेली, टिकली दाबली गेली आणि तात्याचा आवाज घरात घुमला. "रामराम मंडळी! आलेल्या पाव्हण्यारावळ्यांचं..." रंगूबाईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि हसली. टीव्हीकडं तोंड करून न बसता ती जरा तिरकी बसली होती, मान एका अंगाला वळवून.  आपण करतो त्या कामाला काहीतरी किंमत आहे, असं भाऊसोला वाटलं.

आहेर सुरू झाला. रंगूबाई पुढं सरकली. दहा-पंधरा नावं झाली आणि तात्या एकदम म्हणाला, "सर्वांचे आभार."

"संपलं?" रंगूबाईनं विचारलं.

"व्हय काकी."

"मधी लय माणसं हुती रं. बुर्लीची हुती, भिलवडीची हुती. तासगावची पावणी हुती. ती कुठं गेली?"

"ती नुसती नावं हुती काकी. टॉवेल-टोपी, टॉवेल-टोपी. सीडीत मावंनात, म्हणून काढली."

रंगूबाई उठून आत गेली आणि चहा टाकला. ओरडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर भाऊसो उलट बोलून मोकळा तरी झाला असता. चहाचा कप हातात देऊन ती त्याच्यासमोर बसली.

"त्या नावात माझं नाव हाय," ती म्हणाली.

भाऊसोनं कप खाली ठेवला.

"आमच्या ह्यांनी जलमात माझं नाव घेतलं न्हाई. अगं ए, न्हाईतर इंद्राची आई. इंद्रजित व्हायच्या आदी तर नुसतंच खाकरायचं. मीबी त्यांचं घेतलं न्हाई, पर आमा बायकांचं सोड. पल्लवीच्या लग्नात मी म्हशीच्या दुधाच्या पैशातनं तिला तांब्याचा हंडा केला. ह्यांना म्हणलं, तुमच्या नावानं पुकारा. ते म्हणलं, बघू. मी मागं बायकांत बसल्ते. आन् लांबनं मला ऐकल्यागत झालं... रंगूबाई. बाया खुदूखुदू हसल्या. मला असं झालं, की तोंड कुठं लपवू! उठून मागं भांड्यांच्यात जाऊन बसले. घरी आल्यावर इचारलं, तर म्हणलं, मी कशाला घीन तुजं नाव? याडी हाईस का? पर हसत हुतं." तिनं भाऊसोचा कप चाचपून त्याच्याकडं सरकवला. "त्यांनी खरंच घेतलं का मला भास झाला, तेवढं कळाय पायजे बग. आता त्यांला कुठं इचारू?"

 ज्या माणसाच्या शेजारी उभं राहून निम्मी हयात गेली, त्याचा आवाज आपण लग्नागणिक कापला, हे आज पहिल्यांदा भाऊसोच्या ध्यानात आलं. घराघरांत त्यानं दिलेल्या सीड्या होत्या आणि एकीतही तात्या नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"काकी, मी आत्ता जातो. तुमचं नाव हुडकतो आन् तेवढंच कापून आणून देतो. दोन मिनिटांत ऐका."

"नगं," रंगूबाई म्हणाली. "तीनशे लोकांच्या रांगेत आलंय, ते रांगेतच येऊ दे. नुसतं कापून दिलंस, तर मी मागून घेतल्यागत हुतंय. आन् तू आदी ऐकू नगंस. त्यांनी घेतलं आसंल, तर आदी मी ऐकीन."

"पर मावत न्हाई हो! डिस्क एकच राहिलीय आता. मागवायची म्हटली तर सोमवारच्या आत येत न्हाई. समदं त्यात दाबायचं म्हणजे चित्राची पार वाट लागंल. माणसं भुतागत दिसतील."

आता मात्र रंगूबाई मोठ्यानं हसली. "आरं खुळ्या, मला कुठं दिसतंय चित्र? मिरजेला दोनदा जाऊन आले. डॉक्टर म्हणला, मावशी, डोळ्याचं मधलं गेलंय, आता यायचं न्हाई. कडंकडंनं उजेड दिसतोय तेवढाच. आत्ताबी ह्यांचं तोंड दिसलं न्हाई. गुलाबी फेटा हालत हुता, त्यो दिसला. तेवढा फेटा ठेव म्हंजे झालं."

भाऊसो आमणापूरहून परत निघाला, तो वाटेत दोनदा गाडी थांबवून उभा राहिला. काल दिवसभर ज्या मिशीचा केस न् केस त्यानं उजळला होता, ती मिशी बघायला तिथं डोळेच नव्हते. तिरकी मान त्यानं डोळ्यांनी बघितली होती, आणि विचारलं मात्र नव्हतं. कॅमेरावाला म्हणवतोस आणि एवढं दिसलं नाही होय रं तुला, असं तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला. उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या गड्यानं वळून बघितलं.

दुकानात येऊन त्यानं पहिल्यांदा स्पीकरची वायर उपसून टाकली. मग मनात आलं, आवाज नसला म्हणून काय झालं? तात्याचे ओठ हलताना दिसणार, हंडा स्टेजवर येताना दिसणार, आणि आपल्याला कळणार. म्हणून त्यानं मशीनला जुंपायचं तेवढं जुंपलं आणि पडद्यावर टॉवेल टाकला. बायको डबा घेऊन आली, तिनं विचारलं, "हे काय, कंप्युटरला सोवळ्यात बसवलंय व्हय?" भाऊसो म्हणाला, "गप बस." ती तिथंच स्टुलावर बसली, तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. मग तिनंच टॉवेलाचं टोक नीट खाली ओढलं.

आवाजाला त्यानं हात लावला नाही. जागा काढायची ती चित्रातनंच काढली. हे करताना त्याला कसं झालं म्हणून सांगू! आजवर माणसं कापली होती आणि चित्र राखलं होतं. आज पहिल्यांदा चित्रावर सुरी चालवली आणि माणसं ठेवली, सगळीच्या सगळी, टॉवेल-टोपीसकट. सगळा हिशेब बसला तेव्हा डिस्कमध्ये बोटभर जागा उरली.

शेवटची डिस्क मशीनमध्ये घालायच्या आधी मात्र त्यानं ती दोनदा उजेडाकडं धरून बघितली. मधेच लाईट गेली तर डिस्क वाया, मग पुढं काही नाही. इन्व्हर्टर होता, तरी त्यानं लॅमिनेशनचं मशीन बंद केलं, पंखा बंद केला, आणि झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकाला दारातनंच पिटाळलं. "आरं पर एकच कागद हाय!" ते म्हणालं. "फाडून खा," भाऊसो म्हणाला. मशीन घुमत होतं आणि हा घाम पुसत बसला होता. डिस्क बाहेर आली, ती हाताला ऊन लागली. सुरू होते का तेवढं बघितलं आणि लगेच काढून घेतली.

सोमवारी श्राद्ध झालं. इंद्रजितला पलटणीतनं रजा मिळाली नव्हती, तेव्हा सगळं धाकट्या दिरानं उरकलं होतं. पाहुणे गेल्यावर ये, असा निरोप होता. भाऊसो गेला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि घरात रंगूबाई एकटीच होती. नवं लुगडं नेसून टीव्हीपुढं बसली होती.

"ऐकलं न्हाईस न्हवं?"

"तुमची आण काकी. बघितलंबी न्हाई."

"बस हितं."

चित्र खरंच वाईट होतं. माणसांना नाकडोळे नव्हते, स्टेज म्हणजे रंगाचे नुसते चौकोन. भाऊसोनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. पण आवाज? आवाज लख्ख होता. तात्या जणू पलीकडच्या खोलीतनं बोलत होता.

नावं सुरू झाली. बुर्लीचे आले, भिलवडीचे आले. रंगूबाई प्रत्येकाला काहीतरी म्हणत होती. ह्यो गेला बिचारा मागल्या साली. ही माझ्याबरूबर रानात भांगलायला यायची. ह्यानं टोपी दिली? ह्याच्या घरात दोन ट्रॅक्टर, आन् टोपी! भाऊसोला हसू आलं. आजवर तीनशे टोप्या म्हणून ज्यांना उडवलं, ती माणसं एकेक करून घरात येऊन बसायला लागली होती. त्याला कंटाळा आला नाही. उलट धाकधूक वाढत चालली. एक तास गेला, दोन तास गेले. रंगूबाईचं बोलणं कमी होत होत थांबलं. नावच नसलं तर? तात्यानं खरंच घेतलं नसलं, तर ह्या बाईकडं कसं बघायचं? त्यापेक्षा ही डिस्क वाया गेली असती तरी परवडलं असतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तासगावचे पाहुणे झाले. मग तात्या थांबला. अख्ख्या आहेरात कुठं थांबला नव्हता, तो थांबला. माईकमध्ये खाकरल्याचा आवाज आला.

"नवरीची थोरली चुलती," तात्या म्हणाला. परेडचा आवाज एकदम खाली आला. "सौभाग्यवती रंगूबाई ज्ञानू सावंत. यांच्याकडून तांब्याचा हंडा."

मंडपात कुणीतरी शिट्टी मारली. बायका हसल्याचा आवाज आला. रंगूबाई हलली नाही. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. भाऊसोनं तोंड फिरवलं.

पण तात्याचं झालं नव्हतं. आहेर देणारानं स्टेजवर यायचं, ही रीतच आहे. हंडा कुणीतरी आणून ठेवला होता आणि देणारी आली नव्हती.

"रंगूबाई," तात्यानं पुन्हा हाक मारली. आता आवाजात हसू होतं. "रंगूबाई, कुठं हाईस? ये की वर. लोक वाट बघत्यात."

"ओ!" रंगूबाई ओरडली. "आले, आले!" आणि गुडघ्यावर हात टेकून धडपडत उठली. लुगडं पायात आलं, ते तिनं सावरलं. भाऊसो हात द्यायला पुढं झाला, तिनं तो बाजूला सारला.

ती दोन पावलं गेली असंल नसंल, तोवर गुलाबी ठिपका वळला. "न्हाई आली," तात्या लोकांना म्हणाला. "कामात आसंल. ऱ्हाऊ द्या. फुडचा आहेर, वांगीचे..."

भाऊसोनं झडप घालून टिकलीशेजारचं बटण दाबलं. पडदा जागच्या जागी थांबला. रंगूबाई टीव्हीपाशी उभी होती, एका हातानं पदर धरून, धापा टाकत. मान तिरकी करून तिनं फेट्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खोटं बोलले माझ्याशी," ती म्हणाली. "घेतलं हुतं की." मग डोळे पुसले, पदर डोक्यावरनं नीट पुढं ओढला आणि टीव्हीच्या अंगाला सरळ उभी राहिली.

"भाऊसो, जरा मागं ने बाबा. ह्या बारीला मी आदीच येऊन हुबी ऱ्हाते."